चिकूच्या माहेरी चिकू मिळेना

परदेशात राहणाऱ्या मुलाने आईला फोनवर सामान्यज्ञान सांगू नये. सर्दी-पडसं सांगावं, काय जेवलो ते सांगावं, फार तर वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याबद्दल कुरकुर करावी. एका रविवारी बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून मी म्हणालो, "आई, तुला माहितेय का, चिकू मूळचा इथला आहे, मेक्सिकोचा," आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

त्यात आमची आई घोलवडची. भारतात चिकूची पद्धतशीर लागवड पहिल्यांदा १८९८ साली घोलवडला झाली, असं फळबागांच्या पुस्तकांत छापलेलं असतं. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आईचं बालपण चिकूच्या वाडीत गेलं. आजोबा तिला 'कालीपत्ती' आणि 'क्रिकेट बॉल' या चिकूच्या जाती डोळे मिटून, नुसत्या हाताने ओळखायला लावत. पहिली जात खाण्याची आणि दुसरी दाखवायची, असं तिचं आजही मत आहे. अशा बाईला मी चिकू परदेशी असल्याचं कळवत होतो.

"कुणी सांगितलं तुला?" आईने विचारलं.

"सगळीकडे लिहिलेलं आहे, आई. नावसुद्धा स्पॅनिशमधून आलंय. चिको."

"काहीतरीच! चीक येतो म्हणून चिकू. कच्चा खाऊन बघ, ओठाला ओठ चिकटतो. पाचवीतलं पोरही सांगेल. त्यात स्पॅनिश कुठून आलं?"

अशा प्रश्नांवर विद्यापीठांत लोक वर्षानुवर्षं प्रबंध लिहीत बसतात. आईने तो कणीक मळता मळता निकालात काढला आणि वर मला काम लावून दिलं. "मार्चमध्ये मी येतेच आहे. तुझ्या नव्या घराचा सत्यनारायण राहिलाय. पूजेच्या पाच फळांत चिकू तिथलाच ठेव. चिकूचंच गाव आहे म्हणतोस ना तुझं?"

गावाची माहितीही मागे कधीतरी मीच पुरवली होती. मी राहतो ते सापोपान. पश्चिम मेक्सिकोत, हालिस्को राज्यात, ग्वादालाहारा शहराला इतकं खेटून की शहर कुठे संपलं आणि सापोपान कुठे सुरू झालं हे टॅक्सीवाल्यालाही सांगता येत नाही. संगणक कंपन्यांमुळे आपल्याकडची बरीच मंडळी इथे येऊन राहिली आहेत. गावाचं नाव नहुआत्ल भाषेतलं. ही अ‍ॅझ्टेकांची भाषा, आजही लाखो लोक ती बोलतात. 'त्सापोत्ल' म्हणजे गोड, मऊ गराचं फळ, आणि ही फळं जिथे असतात ते सापोपान. इथून दोन-अडीच तासांवर सापोत्लान आहे, दुसऱ्या अंगाला सापोत्लानेहो आहे. दक्षिणेकडे वाहाका राज्यात सापोतेक नावाचा अख्खा समाज आहे. मेक्सिकोचे गाजलेले राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस त्याच समाजातले. त्या लोकांचं हे नावसुद्धा नहुआत्ल बोलणाऱ्या शेजाऱ्यांनी फळावरूनच पाडलेलं. सगळा मुलूख असा एका फळाच्या नावाने नांदत असताना त्यातले किलोभर चिकू मिळवायला माझ्या नाकी नऊ आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

घोटाळ्याचं मूळ स्पॅनिश लोकांच्या जिभेत आहे. नहुआत्लमधल्या पुष्कळ शब्दांच्या शेवटी येणारा 'त्ल' त्यांना काही केल्या जमेना. मग त्यांनी जिथे तिथे 'ते' लावून मोकळं केलं. तोमात्लचं तोमाते झालं, आवाकात्लचं आग्वाकाते, आणि त्सापोत्लचं सापोते. इथवर ठीक होतं. पण 'त्सापोत्ल' हे मुळात एका फळाचं नावच नव्हतं. नहुआत्ल माणूस फळांची ढोबळ विभागणी चवीवर करायचा. गोड आणि मऊ ते त्सापोत्ल, आंबट ते शोकोत्ल. आपल्या आंबाड्याच्या जातकुळीतलं इथलं फळ होकोते, ते या शोकोत्लमधूनच आलं. वाळूसारखे कचकचीत दाणे असलेला आंबटसर पेरू म्हणजे शाल-शोकोत्ल. फार शहाणी पद्धत. वनस्पतिशास्त्रज्ञ पाकळ्या मोजत बसतात, यांनी सरळ खाऊन बघितलं. पण स्पॅनिशात शिरताना ही पद्धत मागे राहिली आणि नुसता शब्द पुढे आला. त्यामुळे आज मेक्सिकोच्या बाजारात 'सापोते द्या' म्हणणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन 'पाटील कुठे राहतात' विचारण्यासारखं आहे. राहतात की. कुठले पाटील हवेत?

हे मला आधी ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की आपला चिकू म्हणजे इथला 'चिको'.

आमच्या वस्तीत आठवड्याचा बाजार भरतो, त्याला तिआंगिस म्हणतात. हाही नहुआत्ल शब्द. रस्ता बंद करून गुलाबी-निळी कापडं ताणतात आणि दोन्ही बाजूंनी आरोळ्या सुरू होतात. "पासेले, पासेले! काय देऊ, ग्वेरो?" ग्वेरो म्हणजे गोरा. इथला विक्रेता गिऱ्हाइकाला खूश करायला सरसकट गोरा म्हणतो. माझ्या रंगाबद्दल आमच्या घरात कधीच मतभेद नव्हते. स्थळं बघायच्या काळात 'गहूवर्णी' लिहायचं की 'निमगोरा', यावर आई-बाबांची थोडी झटापट झाली, पण तो व्यवहाराचा भाग होता. असा मी भर बाजारात, दिवसाढवळ्या, अनोळखी माणसाकडून गोरा ठरलो. त्या धुंदीत मी छाती पुढे काढून म्हणालो, "मला चिको हवेत."

"चिको?" त्याने गाडीवरची सगळ्यात लहान पपई उचलली. "एस्ता?"

स्पॅनिशात 'चिको' म्हणजे लहान. 'चिको' म्हणजे पोरगाही. पपई नको म्हटल्यावर त्याने लहान खरबूज दाखवलं, मग लहान अननस, मग लहान कलिंगड. मी प्रत्येकाला मान हलवतोय आणि पुन्हा 'चिको, चिको' करतोय, हे बघून शेजारच्या टोपल्यांवरची बाई मदतीला आली. तिने त्याला विचारलं असावं की या माणसाला लहान काय हवंय. तो म्हणाला, काय ते सांगत नाही, नुसतं लहान हवंय म्हणतो. मग दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती बघून मी पाव किलो लिंबं घेतली आणि निघालो. लिंबं लहान होती, त्यामुळे त्याचंही समाधान झालं.

पुढच्या वेळी मी शब्दकोश उघडून पूर्ण नाव पाठ करून गेलो: चिकोसापोते. इथले बरेच लोक ते उलटं फिरवून 'सापोते चिको' म्हणतात. मीही तसंच म्हणालो. विक्रेता खूश. "सापोते? आहे ना!" आणि 'चिको' हे माझं विशेषण समजून त्याने ढिगातून वेचून वेचून लहान लहान फळं पिशवीत भरली. फळं हिरवी होती. मला वाटलं, कच्ची असतील, पिकतील.

दोन-तीन दिवसांनी ती अशी मऊ पडली की उचलताना बोट आत गेलं. कापल्यावर आत काळाकुट्ट गर. तपकिरी नव्हे, काळा. बायकोने लांबूनच निकाल दिला, "सडलंय, टाकून दे." पिशवी कचऱ्यात गेली आणि नेमकं ते घरकामाला येणाऱ्या सेन्योरांनी पाहिलं. त्यांचा चेहरा बघवेना. ते सापोते नेग्रो होतं, काळं सापोते, आणि काळं दिसणं हीच त्याच्या पिकण्याची खूण. गर घोटून, संत्र्याचा रस घालून त्याचं इथे लाडकं गोड पक्वान्न करतात. त्यांनी नंतर आम्हाला ते करून खाऊ घातलं, आणि खरं सांगतो, झकास लागतं. डोळे मिटून खावं एवढंच. हे फळ आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतलं, म्हणजे ज्या झाडाच्या पानात विडी वळतात त्याचं नातलग. चिकूशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मग पांढरं सापोते. सालीने हिरवं, आत मलईसारखा गर. मी ते चिकू समजून घेतलं नाही. मी 'काळं नको' म्हणालो आणि विक्रेत्याने जे काळं नव्हतं ते दिलं. हे महाशय चक्क लिंबू-संत्र्याच्या कुळातले. जुन्या नहुआत्ल नावाचा अर्थ 'झोपेचं सापोते', कारण ते खाल्लं की झोप येते असा इथे पूर्वापार समज आहे. मध्य अमेरिकेत त्याला 'मातासानो' म्हणतात, म्हणजे निरोगी माणसाला मारणारं. असलं नाव असूनही लोक ते आवडीने खातात. मी रविवारी रात्री दोन खाल्ली आणि पुण्याच्या कॉलवर बसल्या बसल्या घोरलो. पुणे आमच्यापुढे साडेअकरा तास असतं, त्यामुळे गुंगी फळाची होती की कॉलची, हे वैद्यकीय दृष्ट्या सिद्ध करणं अवघड आहे. पुण्याच्या टीमने कॉलचीच धरली.

मामेय मात्र भेटला आणि आशा वाटू लागली. वरून तपकिरी, खरबरीत, थेट चिकूची साल. आकाराने मात्र नारळाएवढा. आत विटकरी-शेंदरी गर आणि मधोमध एकच लांबट, चकचकीत बी. हा चिकूच्या खऱ्या कुळातला, ज्या कुळात आपला मोह येतो, बकुळ येते, खिरणी येते. मामेय विकणारा आधी विचारतो, "आजसाठी की उद्यासाठी?" त्याप्रमाणे तो दाबून, नखाने साल किंचित खरवडून फळ काढून देतो. खाली हिरवं दिसलं तर अजून वेळ आहे, लालसर दिसलं तर घ्या. फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "हा चिकू नव्हे. चिकूचा काका असेल. पूजेला काका चालत नाहीत."

आता मी ऑफिसात विचारायला सुरुवात केली, आणि प्रकरण आणखी चिघळलं. आमच्याकडे व्हेनेझुएलाची एक मुलगी आहे. तिला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "हा तर नीस्पेरो! आमच्या दारात झाड होतं." मी हरखलो. जेवणाच्या सुट्टीत एका मेक्सिकन सहकाऱ्याला म्हटलं, मला नीस्पेरो हवेत. बिचारा दुसऱ्या दिवशी आईच्या अंगणातले पिशवीभर नीस्पेरो घेऊन आला. पिवळीधमक, आंबटगोड, आत गुळगुळीत बिया. लोकाट! यावर ती दोघं माझ्यासमोर भांडली. दोघांची मातृभाषा स्पॅनिश, दोघांकडे शब्द तोच, आणि फळं दोन.

भांडणात दोघंही बरोबर होती. नीस्पेरो हा शब्द लॅटिनमधून स्पेनमध्ये आलेला, आणि तिथे तो तिसऱ्याच एका फळाचा होता: युरोपातलं एक तपकिरी फळ, पार मऊ पडल्यावरच खाण्याजोगं होणारं. स्पॅनिश माणूस समुद्र ओलांडून इकडे आला, त्याला तपकिरी चिकू दिसला, घरची आठवण आली आणि त्याने घरचंच नाव ठोकून दिलं. मध्य अमेरिकेत, कोलंबियात, व्हेनेझुएलात ते टिकलं. पुढे स्पेनमध्ये पूर्वेकडून लोकाट आलं, त्यालाही लोक नीस्पेरोच म्हणू लागले आणि मेक्सिकोने तो अर्थ उचलला. कोलंबियात सापोते मागाल तर नारिंगी गराचं आणखी निराळं फळ मिळतं, त्याचं कूळ कापसा-भेंडीचं. क्यूबात मात्र सापोते म्हणजे थेट चिकू. म्हणजे हवानाला घर घेतलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

या सगळ्यात सर्वांत पटकन सुटला तो आमचा कोइंबतूरचा सहकारी. त्याला स्पॅनिश धड येत नाही, शिकायची इच्छाही नाही. तो कँटीनमधल्या काकूंना हातवारे करत म्हणाला, "सपोटा. ब्राऊन. स्मॉल." काकू लगेच म्हणाल्या, "आ, सापोते चिको! आबास्तोसच्या मोठ्या बाजारात बघा. हंगाम सुरू झालाय."

मी दोन महिने स्पॅनिशचे वर्ग लावले होते. तो तमिळ बोलला आणि त्याचं काम झालं.

त्या दुपारी आम्हा दोघांच्या लक्षात आलं की 'चिकोसापोते' या एकाच शब्दाची आपल्या देशात रीतसर वाटणी झालेली आहे. महाराष्ट्र-गुजरातने पुढचा तुकडा घेतला: चिकू. तमिळ, तेलुगू, कन्नड मंडळींनी मागचा घेतला: सपोटा. बंगाल्यांच्या वाट्याला तो सबेदा होऊन आला. पुढच्या तुकड्याचा प्रवास तर स्वच्छ दिसतो. १५६५ पासून १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षं, स्पॅनिश गलबतं मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून फिलिपिन्समधल्या मनिलाला ये-जा करत होती. इथून चांदी जायची, तिकडून रेशीम आणि चिनीमाती यायची, आणि या व्यवहारात फळझाडंही इकडची तिकडे होत. चिकू तसाच मनिलाला पोचला. फिलिपिन्समध्ये त्याला आजही चिको म्हणतात, मलेशियात चिकू. म्हणजे सापोते समुद्रातच पडलं. सहकाऱ्याचं म्हणणं असं की आम्ही निम्मा शब्द घेतला पण तो कामाचा घेतला. मी त्याला सांगितलं, 'चिकू'त निदान लाड करता येतात. सपोटा म्हणून कुणाच्या बाळाला हाक मारून दाखव.

राहता राहिला तो 'चिको' कुठून आला हा प्रश्न, आणि तिथे मी थोडा हादरलो. लहान असा त्याचा अर्थ नाहीच. ते नुसतं स्पॅनिश कानाला तसं ऐकू येतं. मूळ नहुआत्ल शब्दाची फोड दोन तऱ्हांनी केली जाते. काहींच्या मते पुढचा भाग शिकोत्ली, म्हणजे मधमाशीसारखा गुणगुणणारा भुंगा. का, तर फळ मधासारखं गोड. दुसऱ्यांच्या मते तो त्सिक्त्ली. आणि त्सिक्त्ली म्हणजे या झाडाचा चीक.

हो. चीक. त्याच शब्दाचं स्पॅनिशात 'चिक्ले' झालं, आणि लहानपणी ज्या चिकलेटसाठी आपण चार-चार आणे जमवायचो ते नाव त्यावरूनच. माया लोकांच्या मुलखात, युकातान आणि ग्वातेमालाच्या जंगलांत, चिकलेरो लोक पावसाळ्यात कोयत्याने चिकूच्या बुंध्यावर नागमोडी खाचा पाडायचे, खाली ओघळणारा पांढरा चीक गोळा करायचे आणि कढवून त्याच्या वड्या करायचे. जगाने चघळलेला गम कित्येक वर्षं या चिकाचाच होता. पुढे कृत्रिम माल आला.

त्या चघळण्यामागे एक सेनापती आहे. आंतोनियो लोपेस दे सांता आना. १८३६ मध्ये आलामोची लढाई जिंकली, नंतर टेक्सस घालवलं, अनेकदा राष्ट्राध्यक्ष झाला, अनेकदा हाकलला गेला. १८६०च्या दशकात न्यूयॉर्कजवळ परागंदा होऊन राहत असताना त्याच्या डोक्यात आलं की चिकूचा चीक रबराऐवजी विकून पैसा करावा. थॉमस अ‍ॅडम्स नावाच्या माणसाने त्यावर खटपट केली. रबर काही होईना. शेवटी अ‍ॅडम्सने तो माल चघळायला विकला, १८७१ साली गम करण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि गबर झाला. सांता आनाच्या हाती काही लागलं नाही. मला या गोष्टीत तोच जवळचा वाटतो. चिकूपायी धडपड त्याने केली आणि चिकू दुसऱ्याला मिळाला.

पण चघळण्याचे नियम त्याच्याही आधीचे आहेत. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्रीबुवांनी अ‍ॅझ्टेकांच्या चालीरीती बारकाईने लिहून ठेवल्या, त्यात हेही आहे. लग्न न झालेल्या मुलींनी चारचौघांत चिक्ले चघळलं तर चाले. लग्न झालेल्या बाईने घरात चघळावं, लोकांसमोर नाही. पुरुष उघड्यावर चघळताना दिसला तर त्याची अब्रू गेली. हे वाचून मला आमच्या आळीतल्या आज्या आठवल्या. त्यांना हा ग्रंथ कुणी वाचून दाखवला असता तर पाद्रीबुवांना चहा मिळाला असता.

तेव्हा निष्कर्ष असा की आईची व्युत्पत्ती साफ चुकीची, आणि अर्थ बरोबर. मराठी चीक वेगळा, नहुआत्ल त्सिक्त्ली वेगळी, दोघांची कधी गाठ नाही, पण ओठाला ओठ दोन्हीकडे चिकटतो. ही गोष्ट आईला सांगायची नाही, असं मी आणि बायकोने ठरवलं.

आई आली. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही आबास्तोसच्या बाजारात गेलो. तो घाऊक बाजार आहे, तिथे माणसाने कुणाच्या पायात यायचं नसतं. हातगाड्या "गोल्पे, गोल्पे!" ओरडत अंगावर येतात, म्हणजे बाजूला व्हा नाहीतर लागेल. आई बाजार समितीच्या आवारात लहानाची मोठी झालेली. ती त्यातून अशी चालली की गाड्याच बाजूला झाल्या. मी मामेयच्या ढिगांत शोधत होतो तोवर ती तिसऱ्या गाळ्यावर पोचून एका खोक्यापुढे उभी होती. दक्षिणेकडून, युकातानच्या बाजूने आलेले चिकू. आपल्यापेक्षा थोडे मोठे, साल जरा जाड, बाकी तोच मुखडा.

तिने एक उचलला. अंगठ्याने पुसला, म्हणजे वरचा भुसा जातो. देठाकडे दाबला. मग उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखाने बुडाशी जेमतेम गव्हाएवढं खरवडलं आणि डोळ्याजवळ धरून पाहिलं. खाली हिरवट निघालं. ठेवून दिला. दुसरा. हिरवट. तिसरा.

"नो मे ला माल्त्राते!" गाळेवाला उठलाच. डोक्यावर पाटीही होती: मालाची नासधूस करू नये.

"काय म्हणतो?" आईने विचारलं.

"फळांना नख लावू नका म्हणतोय."

"त्याला सांग, हिरवं दिसतंय, आणखी चार दिवस झाडावर हवं होतं. घाईने उतरवलेत. असले घरी सुकतात, पिकत नाहीत. वरच्या थरात कच्चे कशाला लावलेत म्हणावं, खालचे काढ."

मी जमेल तसं स्पॅनिश केलं. तो आईकडे बघत राहिला. मग काही न बोलता त्याने खालचं खोकं ओढलं, एक चिकू घेतला, स्वतःच्या नखाने बुडाशी तस्संच खरवडलं आणि पुढे धरला. खाली पिवळसर तपकिरी. आईने मान डोलावली. पुढची पाच मिनिटं दोघं आळीपाळीने नख लावत होती आणि मी पिशवी धरून उभा होतो. त्या पाटीखाली.

भावाला बसल्यावर मात्र तिने घोलवडचं पाणी दाखवायला सुरुवात केली. पेसोला साधारण पाचाने गुणून तिने रुपयांतला आकडा काढला, कपाळाला हात लावला, "या भावात आमच्याकडे पेटी येते" हे मला भाषांतर करायला लावलं आणि निम्म्यावर अडून बसली. गाळेवाला नाही म्हणाला. आई वळून चालू लागली. हा जुना डाव, इथेही चालतो. त्याने मागून हाक मारली, "आंदाले, ग्वेरिता!"

"आता काय म्हणाला?"

"तुला गोरे म्हणाला. म्हणजे, गोरटेली."

आई थांबली. लग्न ठरताना 'मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' हे ऐकलेली बाई. पदर नीट केला. परत गेली आणि त्याने सांगितलेल्या भावात दोन किलो घेतले. वर सुटे पैसेही त्यालाच राहू दिले.

सत्यनारायण झाला. केळी, संत्री, सफरचंद, पेरू आणि चिकू. कोइंबतूरचा सहकारी तीर्थप्रसादाला आला, व्हेनेझुएलाची मुलगी आली, लोकाटवाला आला. आईने चिकूची फोड खाल्ली आणि म्हणाली, "गोड आहे. पण रवाळ नाही. कालीपत्तीची सर नाही." मग तिने सगळ्यांना ऐकवलं की घोलवडला चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात, म्हणून झाड असं दणकट होतं. मी भाषांतर करता करता म्हणालो की म्हणजे वरचा शेंडा मेक्सिकन आणि मुळं आपली. ही खिरणी त्याच कुळातली, भावकीतलीच म्हणायची. यावर लोकाटवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने बोलता बोलता सांगून टाकलं की चिकोसापोतेतला चिको म्हणजे त्सिक्त्ली, झाडाचा चिकट चीक, हे इथे शाळेत शिकवतात. आणि व्हेनेझुएलाच्या मुलीने ते इंग्रजीत आईला समजावूनही दिलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. हात धुतले, आत गेली आणि तिच्या मावशीला फोन लावला.

दोन दिवसांत आमच्या मामेभावंडांच्या ग्रुपवर संदेश आला: 'मेक्सिकोतील लोकही चिकूच्या चिकाला चीकच म्हणतात, माझ्या भाचीच्या मुलाने तिथे जाऊन खात्री केली आहे.' आठवडाभरात तो सोसायटीच्या ग्रुपवर होता, तोवर त्यात नहुआत्ल ही मूळची महाराष्ट्रातून गेलेल्या खलाशांची बोली ठरली होती. पुढे तो माझ्या शाळासोबत्याने मलाच पाठवला, 'अनेकदा पुढे पाठवलेला' या खुणेसकट. तळाला हात जोडल्याची तीन चित्रं आणि 'अभिमान असेल तर पुढे पाठवा' अशी ओळ.

सोमवारी मी तो कोइंबतूरच्या सहकाऱ्याला दाखवला. तो हसला नाही. त्याने स्वतःचा फोन पुढे केला. त्याच्या चुलत्याने पाठवलेल्या मजकुरात मेक्सिकोतले प्राचीन लोक तमिळ बोलत असल्याचं सिद्ध झालं होतं. पुरावा एकच दिलेला होता, सपोटा.